उद्या सकाळी काय करायचं

गजभिये मॅडमच्या केबिनमध्ये एक चांगली फिरती खुर्ची होती. तिच्यावर खोक्यांचे नमुने बसलेले असत आणि मॅडम उभ्या. उभ्या म्हणजे तरी एका जागी कुठल्या? मशीनपासून गेटपर्यंत, गेटपासून माझ्या टेबलापर्यंत त्यांची येरझार चालायची, आणि ज्याला बोलायचं असेल त्यानं सोबत चालायचं अशी पद्धत होती. कळमेश्वरच्या एमआयडीसीतल्या आमच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्याच्या त्या प्रमुख. मी एचआरमध्ये लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझ्या पोटऱ्या दुखायला लागल्या.

कुणी काहीही सांगो, त्याचं बोलून झालं की त्यांचा प्रश्न ठरलेला असे, "बरं. मंग उद्या सकाळी मी काय करू?" याचं उत्तर देता आलं नाही तर आपण काही सांगितलंच नाही असं समजायचं. "पाहू", "होऊन जाईल", "विचार चालू आहे" ही आपल्याकडची लाडकी उत्तरं त्यांना अजिबात खपत नसत. "होऊन जाईल म्हणते, तं कोण करून राहिलं ते सांग. भूत करून राहिलं का?" असं त्या मला कितीदा म्हणाल्या असतील.

माझी पहिली सूचना मी मोठ्या हौसेनं लिहिली होती. कामगारांनी यंत्रावर काम करताना योग्य ती दक्षता घ्यावी, अशी. मॅडमनी ती वाचली आणि मला कटिंग मशीनच्या राऊतभाऊंकडे नेऊन त्यांना वाचून दाखवायला लावली. राऊतभाऊ हे आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर. आता उद्यापासून काय करणार, असं मॅडमनी विचारल्यावर ते गंभीरपणे म्हणाले, "मॅडम, मी तं रोजच योग्य राहतो." सगळे हसले, मॅडमही हसल्या. मग त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलं : पुठ्ठा अडकला तर आधी बटन बंद करा, मग हात घाला. ती पाटी पुढे कायम तिथे होती.

त्यांचे वडील कोराडीच्या वीज केंद्रात पाळीवर काम करायचे. मॅडम तिथल्याच कॉलनीत वाढल्या. पाळी बदलताना पुढच्या माणसाला धड सांगितलं नाही तर काय होतं याच्या गोष्टी त्यांनी जेवता जेवता ऐकल्या होत्या, आणि तो धसका त्यांच्या अंगात कायमचा राहिला असावा. त्यांच्या घाईचा त्रासही होई. एकदा माल चढवणारा एक लोडर त्यांच्यामागे चालत लांबलचक प्रस्तावना करत होता. मॅडमनी त्याला तोडलं, "मुद्दा सांग." तो म्हणाला की पोरगी दवाखान्यात आहे. मॅडम जागच्या जागी थांबल्या. त्याला आपल्या गाडीनं दवाखान्यात पाठवलं आणि जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर सांगितलं की आज माझं चुकलं, मी ऐकून घेतलं नाही. साहेब लोकांच्या तोंडून "चुकलं" हा शब्द मी तोवर ऐकलेला नव्हता.

दिवाळीच्या मिठाईच्या खोक्यांची मोठी ऑर्डर चालू होती तेव्हाची गोष्ट. मालकांचं ऑफिस शहरात, रामदासपेठेत. आता सगळा कारभार त्यांचा मुलगा पाहत असे, त्याला आम्ही छोटे साहेब म्हणायचो. छोट्या साहेबांनी मॅडमना आणि मला बोलावून सांगितलं की दिवाळीनंतर कळमेश्वरचा कारखाना बंद करायचा आहे. मशीन दुसरीकडे जाणार, तिथलं प्रमुखपद मॅडमनाच मिळणार. फक्त ऑर्डर निघेपर्यंत कारखान्यात कुणाला काही कळता कामा नये.

तोवर कुजबुज मात्र सुरू झालीच होती. माणसं मशीन सोडून घोळक्यानं उभी राहत, मी दिसले की गप्प होत. मॅडमची येरझार इतकी वाढली की बघणाऱ्यालाच घेरी यावी. बुटीबोरीत एका नव्या कारखान्याची भरती चालू होती आणि ती दिवाळीच्या आत संपणार होती, हे त्यांना खात होतं. मला म्हणाल्या, "यायले दिवाळीनंतर सांगितलं तं हे कुठं जातील वं?" माझी स्वतःची नोकरी कुठे राहणार याच्याच विवंचनेत मी होते, झोप उडाली होती.

शेवटी त्या रामदासपेठेत गेल्या, मला सोबत घेऊन. छोटे साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी शांतपणे समजावलं की आत्ता सांगितलं तर चांगले ऑपरेटर आधी जातील, ऑर्डर बोंबलेल, आपण योग्य वेळी कळवू. मॅडम म्हणाल्या, "जातील, तुमचं बरोबर आहे. पण त्यायची योग्य वेळ आता आहे साहेब. मी उद्या सांगणार. तुमच्या मांगं नाही, तुमाले सांगूनच करून राहिली." छोटे साहेब एवढंच म्हणाले की परिणामांचा विचार करून ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी मशीन बंद करायला लावल्या. "दिवाळीनंतर ही कंपनी बंद होणार," त्या म्हणाल्या. "पक्कं आहे. बुटीबोरीत भरती चालू आहे. ज्याले जायचं त्यानं जावं, काम सोडायच्या कागदावर मी आजच सही देते. ऑर्डर पुरी करायले माणसं पाहिजेत, म्हणून मी थांबा म्हणते, पण थांबणाऱ्याले जास्तीचं काही देऊ शकत नाही. आता विचारा." लोकांनी खूप विचारलं. काहींनी शिव्याही दिल्या. जे माहीत होतं ते त्यांनी सांगितलं आणि जे नव्हतं त्याला माहीत नाही म्हणाल्या.

सगळ्यात आधी सही मागायला आले राऊतभाऊ. मला संताप आला. इतक्या वर्षांचा माणूस, मॅडमनी त्याच्यासाठी एवढी जोखीम घेतली, आणि हा पहिल्या झटक्यात निघाला. ते गेल्यावर मी तसं बोलूनही दाखवलं, त्यांना बेइमान म्हटलं. मॅडम माझ्यावर चिडल्या तशा कधीच चिडल्या नव्हत्या. "खरं ऐकूनही त्याले इथंच थांबा लागत असल, तं मी खरं सांगितलं कशाले? त्याले बांधून ठेवाले?" मग म्हणाल्या, "त्याच्या घरी दोन पोरी शिकून राहिल्या. पहिले तोच जायले पाहिजे होता."

बरेच जण बुटीबोरीला लागले, बरेच थांबले. मॅडम स्वतः खोकी मोजायला, बांधायला उभ्या राहू लागल्या, मीही. सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. काही माल उशिरा पोचला, एक मोठं गिऱ्हाईक बिथरलं. छोटे साहेब म्हणाले होते ते खरं ठरलं आणि मॅडम म्हणाल्या होत्या तेही.

मग एका दुपारी मला रामदासपेठेतून फोन आला. मॅडमना उद्यापासून यायचं नाही, नव्या कारखान्याचं पदही नाही. "तुम्ही त्यांच्या जवळच्या आहात, तुम्हीच जरा सांभाळून सांगा," छोटे साहेब म्हणाले. कसं सांगायचं तेही त्यांनीच सुचवलं.

मॅडम पुठ्ठ्याच्या थप्प्यांमधून फिरत होत्या. मी सोबत चालू लागले. म्हटलं, मॅडम, तुमच्या अनुभवाचा वेगळ्या प्रकारे उपयोग करण्याबद्दल वरच्या पातळीवर विचार चालू आहे. त्या थांबल्या.

"प्राची, मले काढलं का?"

"तसं नाही मॅडम, म्हणजे..."

"हे तू मले त्रास होऊ नये म्हणून बोलून राहिली, का तुले होऊ नये म्हणून?"

म्हटलं, "हो मॅडम. तुम्हाला काढलंय. आज शेवटचा दिवस. तुम्ही लोकांना आधी सांगितलंत म्हणून."

"बरं," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. पुठ्ठ्याच्या थप्पीवर हात टेकून त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या, आणि मला त्यांना मिठी मारावीशी वाटली पण हिंमत झाली नाही. मग त्यांनी विचारलं की उद्यापासून लोकांच्या कागदांवर सही कोण करणार. मी करीन, म्हटलं. हे लोकांना आज शिफ्ट सुटायच्या आत कळलं पाहिजे, आणि तेही तूच सांगायचं, असं म्हणून त्या चालू लागल्या.

मशीन बंद झाल्या. माणसं जमली. मॅडम माझ्या बाजूला उभ्या राहतील असं मला वाटलं होतं, पण त्या सरळ गर्दीत शिरल्या आणि अगदी शेवटी, लोडर लोकांच्यात जाऊन उभ्या राहिल्या. मी सुरुवात केली. गजभिये मॅडमना कंपनीनं कामावरून काढलं आहे, एवढं म्हणेपर्यंत माझा आवाज पार बसला.

तेवढ्यात मागून त्यांचा आवाज आला.

"ऐकू नाही येऊन राहिलं वं इथं. मोठ्यानं सांग."