मल्लप्पानं बुजवलेली भोकं

मल्लप्पा मूळचा दुधनीचा. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात बावीस वर्षं नळकाम करत होता. त्याने केलेला जोड गळत नाही, असं तिथे सगळे म्हणत, आणि त्यालाही ते ऐकायला आवडे.

गेल्या वर्षी कॅन्टीनच्या मोरीत साबणाचं यंत्र बसलं. नळ सोडला की खालच्या कॅनमधला पातळ पण जहाल साबण आपोआप पाण्यात मिसळून बादलीत पडे. यंत्राच्या वर पितळी टोपी होती. नळ बंद केला की तिच्या भोकांतून चार थेंब गळत.

"नवं यंत्र आन् गळतंय की!" भांडी घासणारी निंगव्वा हसली.

मल्लप्पाला ते लागलं. त्याने दुपारीच भोकं एमसीलने बुजवली.

दीड महिन्याने गच्चीवरची टाकी धुवायला अंगणातल्या नळातून रिकामी केली. यंत्राचा नळ उघडाच राहिला होता; पाईपमधलं पाणी उलटं अंगणाकडे ओढलं गेलं आणि त्याच्या ओढीने कॅनमधला साबणही पाईपात चढला. पिण्याचा नळ त्याच पाईपवर होता. टाकी भरल्यावर पहिला ग्लास निंगव्वाने तोंडाला लावला आणि ओरडून फेकला. ओठ, जीभ पोळली होती.

तिला दवाखान्यात पाठवून इंजिनिअर देवदत्त यंत्रापाशी आले. "बसवणाऱ्यांनीच घोळ घातलेला दिसतोय."

"त्यांनी न्हाय, साहेब. मी बुजवली भोकं. गळत हुतं म्हनून."

"अहो, पाणी उलटं फिरलं की तिथून हवा आत शिरते, म्हणून साबण ओढला जात नाही. नियमच आहे तसा. यंत्राबरोबर आलेल्या पत्रकात लिहिलंय."

पत्रक इंग्रजीत होतं. मल्लप्पाने कुणाला वाचायला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात गेला. निंगव्वाने हळूच विचारलं, "घोटभर गिळलं असतं तर?"

"ठाव न्हाय," तो म्हणाला.

त्याला लेखी ताकीद मिळाली. त्याने टोपी बदलली, पिण्याच्या पाण्याची लाइन थेट टाकीपासून वेगळी ओढली. मग कुणी न सांगता कारखानाभर फिरला. रंगखात्यात नळाची रबरी नळी रंगाच्या पिंपात बुडालेली सापडली. ती त्याने पिंपाच्या काठापासून वीतभर वर राहील अशी कापली.

"शिंतोडं उडत्यात," कामगार कुरकुरले.

"उडू दे."

आठवड्याने निंगव्वा कामावर आली. पुढे कितीतरी दिवस ती प्यायचं पाणी घरूनच आणायची. मल्लप्पा ते बघायचा.