पांढरा चट्टा आणि माझे चार महिने

बायॉप्सीच्या रिपोर्टवर 'स्क्वॅमस सेल कार्सिनोमा' असं लिहिलं होतं. सर्जननी तो वाचला आणि आमच्याकडे बघून म्हणाले, "जिभेच्या वरच्या आवरणातला कॅन्सर आहे. ऑपरेशन करावं लागेल. लवकर."

सासूबाई माझ्या शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी माझा हात ओढला. "डाक्टर काय बोलतान?"

पलीकडे बसलेल्या सुहासने, माझ्या नवऱ्याने, आईला हळू आवाजात सांगितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या.

मग सर्जननी नेहमीचा म्हणून एक प्रश्न विचारला. "याआधी कोणी यांचं तोंड तपासलं होतं का? दातांच्या डॉक्टरांनी वगैरे?"

मी म्हणाले, "नाही."

ते खोटं होतं. त्याच्याबद्दलच हे लिहिते आहे.

आम्ही विचुंब्याला राहतो. सुहास उरणला बंदरात क्रेन चालवतो, मी पनवेलच्या एका शाळेत मराठी शिकवते. सासूबाई, यमुनाबाई, धवलारीण. आमच्याकडे लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीला धवले गातात, ते गाणारी बाई. लिहितावाचता येत नाही, पण शेकडो कडवी तोंडपाठ. लगीनसराईत त्यांना न्यायला आसपासच्या गावांतून गाड्या यायच्या. एक सवय मात्र लहानपणापासूनची, मशेरीची. भाजलेल्या तंबाखूची पूड बोटावर घ्यायची आणि दातांना लावून अर्धा तास ओटीवर बसायचं. सकाळी आणि जेवणानंतर.

रिपोर्टच्या चार महिने आधी त्यांची दाढ दुखायला लागली, म्हणून मी त्यांना नवीन पनवेलमध्ये दातांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. तरुण मॅडम होत्या. त्यांनी दाढेला लगेच हातच लावला नाही. कापडाच्या तुकड्यात जीभ धरून एकेका बाजूने पाहिली. गालांच्या आतून बोट फिरवलं, जिभेखाली पाहिलं, मान चाचपली. मला शाळेत जायचं होतं. मी घड्याळ बघत होते.

"एका दाढेसाठी एवढं?" मी विचारलं.

"दाढ असो नाहीतर नुसतं क्लिनिंग, मी प्रत्येकाचं तोंड असंच बघते," त्या म्हणाल्या.

दाढ काढून झाल्यावर सासूबाई कापूस चावत बाहेर जाऊन बसल्या. मॅडमनी मला थांबवलं. जिभेच्या डाव्या कडेला हरभऱ्याच्या डाळीएवढा पांढरा चट्टा होता. त्याला त्या ल्युकोप्लाकिया म्हणाल्या. म्हणजे घासून न निघणारा डाग. "बहुतेक वेळा त्यातून काही निघत नाही. पण मशेरी आजपासून बंद करा आणि दोन आठवड्यांनी परत आणा. तसाच असला तर तुकडा काढून तपासू. आईंना सांगाल ना?"

मी हो म्हणाले.

सांगितलं नाही. त्या दिवशी त्यांची दाढ दुखत होती. नंतर लग्नं सुरू झाली. मशेरी सोडा म्हटलं की त्या दोन दिवस अबोला धरायच्या, तोही नको वाटला. क्लिनिकमधून दोनदा फोन आला. दोन्ही वेळा मी "पुढच्या आठवड्यात आणते" म्हणून ठेवून दिला. शाळेत परीक्षा होत्या, पेपर तपासायचे होते. कारणं सगळी खरी होती.

मग सासूबाईंना आमटी झोंबायला लागली. त्या भात दुधात कालवून खायला लागल्या. डावा कान ठणकतो म्हणाल्या. एका हळदीला धवला म्हणता म्हणता मध्येच थांबल्या, आणि बाकीच्या बायकांनी तो कसाबसा पुरा केला. घरी आल्यावर मी मोबाईलचा टॉर्च लावून त्यांना जीभ बाहेर काढायला सांगितली. चट्ट्याच्या जागी खोल जखम होती, कडा जाड झालेल्या.

ऑपरेशनचं नाव हेमिग्लॉसेक्टमी. अर्धी जीभ काढणं. सोबत नेक डिसेक्शन, म्हणजे मानेतल्या गाठी काढणं, कारण आजार तिथपर्यंत पोचला होता. जिभेची रिकामी जागा हाताच्या कातडीने भरायची. सह्या करताना सुहासने सर्जनना विचारलं, "चार-सहा महिने आधी कळलं असतं तर?"

"तेव्हा कदाचित छोटासा भाग काढून भागलं असतं," ते म्हणाले. "पण आता तो विचार करू नका."

मी दुसरा कुठला विचारच करू शकत नव्हते. ऑपरेशन दिवसभर चाललं. बाहेरच्या खुर्च्यांवर सुहास माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसला होता. मला तिथून उठून पळून जावंसं वाटत होतं.

शुद्धीवर आल्या तेव्हा गळ्याला श्वासासाठी भोक आणि नाकात राइल्स ट्यूब होती, पोटात पातळ अन्न सोडायची नळी. त्यांनी बोलायचा प्रयत्न केला, आवाजच निघाला नाही. पाचव्या दिवशी त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. नळीतून दूध घालायला गेलं की हात झटकायच्या. नर्स म्हणाली, "पेशंटनेच सोडून दिलं तर आम्ही काय करणार?"

त्या दुपारी सुहास औषधं आणायला गेला होता. मी त्यांच्या पाठीशी बसले आणि सगळं सांगितलं. चट्टा, दोन आठवडे, दोन फोन, सर्जनसमोरचं खोटं. त्या वळल्या नाहीत. संध्याकाळी मी सुहासलाही सांगितलं. तो उठून बाहेर निघून गेला.

दोन दिवस त्यांनी मला जवळ येऊ दिलं नाही. सुहासने दूध घातलं तर घ्यायच्या. माझ्याशी तोही बोलत नव्हता. तिसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर त्यांनी पलंगाच्या दांडीवर टकटक केलं आणि दुधाच्या सिरिंजकडे बोट दाखवलं. मी उठले. मी सिरिंज नळीला लावली, तेव्हा त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं.

त्यानंतर सहा आठवडे रेडिएशन झालं. तोंड आतून सोलल्यासारखं झालं होतं, थुंकी गिळतानासुद्धा त्या रडायच्या. सर्जनना मी खरं सांगितलं. त्यांनी ते फाइलमध्ये लिहून घेतलं आणि पुढची तारीख दिली.

आता वर्ष होत आलं. शेवटची तपासणी स्वच्छ आली. पण पुढच्या तपासणीची भीती घरातून जात नाही. सासूबाई पातळ खातात, मशेरी सुटली. स्पीच थेरपीमुळे, म्हणजे बोलण्याच्या व्यायामांमुळे, घरच्यांना कळेल एवढं बोलतात. धवले नाहीत. लग्नाचं बोलावणं आलं की 'नाय' म्हणून मान हलवतात.

एकदा भाजी निवडताना त्या आपणहून म्हणाल्या. शब्द फुटत नव्हते, दोनदा सांगावं लागलं. "तू सांगलं असतंस तरी मी थोडीच जानार होती. लगीनसराई होती."

ते खरं होतं, की माझ्यासाठी बोलल्या, मला अजून कळलेलं नाही. मी त्यांच्या पायाशी बसून खूप रडले. त्या भाजी निवडत राहिल्या.

मी नंतर दातांच्या मॅडमचे आभार मानायला गेले. त्यांनी पाहिलं होतं, सांगितलं होतं, फोनही केले होते. याहून जास्त कोणी काय करतं? तुमच्या दातांच्या डॉक्टरांनी असं सगळं तोंड पाहिलं नाही, तर तुम्ही होऊन बघायला सांगा. आणि डॉक्टरांनी घरच्या कोणाबद्दल काही सांगितलं, तर ते घरी पोचायच्या आत त्या माणसाला सांगा. कदाचित सासूबाई गेल्या नसत्या. पण तोंड त्यांचं होतं, जीभ त्यांची होती. जायचं की नाही, हे त्यांनी ठरवायचं होतं. ते मी ठरवलं.