अकोल्याचा सोमवार, आमचा शनिवार

प्रकाशक म्हणाले, "मिस्त्री, यहुद्यांच्या चालीरीती लिहिल्यात, छान. पण त्यातलं हसणं काढा. कोकणाबाहेर कोण वाचणार?" मी म्हटलं, "वऱ्हाडात वाचतील." ते म्हणाले, "तिथला एक जरी विक्रेता स्वतःहून प्रती मागेल, तर शब्दही न बदलता छापतो." त्याच आठवड्यात मी बोरीबंदरला तिसऱ्या वर्गाचं तिकीट काढलं. मी चौथी पास. बाकीचं सगळं स्वतः शिकलो. त्यामुळे माझ्या वाक्याला कुणी कात्री लावली की मला राग येतो.

आम्ही बेने इस्राएल, कोकणातले मराठी यहुदी. आमचे पूर्वज तेलाचा घाणा चालवत, शनिवारी बंद ठेवत, म्हणून गावानं आम्हाला शनवार तेली म्हटलं.

अमरावतीला जायचं तर बडनेऱ्याला गाडी बदलावी लागते, हे लक्षात ठेवा. फलाटावर संत्री झकास मिळतात. अमरावतीत ग्रंथालय चालवणारे एक वकील भेटले. त्यांनी दोन पानं वाचली आणि चष्मा पुसला. "धर्म आणि थट्टा? छे." मी हस्तलिखित उचललं. "आपल्या घरी लग्नात विहिणीवर गाणी म्हणत नाहीत काय?" असं विचारून बाहेर पडलो. उत्तर ऐकायला थांबलो नाही.

शुक्रवारी दुपारी अकोला. कापसाच्या गाड्यांची रांग, हवेत सरकीचा वास. स्टेशनाजवळच्या खाणावळीत ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत आणि असा ठेचा, की पाणी दोनदा मागावं लागलं. सामिष आणि दूध आम्ही एकत्र खात नाही, म्हणून प्रवासात मी सरळ भाजी-भाकरीवर राहतो.

पुस्तकविक्रेते वामनराव म्हणाले, "उद्या या. बाजारचे लोक दुकानात टेकतात. त्यांले आवडलं तं मी मागवतो."

शनिवारी गेलो. हस्तलिखिताची पेटी खोलीवरच ठेवली, तोंडानंच सांगितलं. आमच्याकडे नवस फेडताना आमचे प्रेषित एलियाहू नबी यांच्यासाठी मलिद्याचं ताट मांडतात: पोहे, गूळ, खोबरं, फळं. वाट पाहायची नबीची. येतात मेहुणे, आणि खातात दोन नबींइतकं. दुकान हसलं. मग घाण्याचा बैल सांगितला. त्याला शनिवार इतका अंगवळणी पडला होता, की त्या दिवशी मालकानं शेपटी पिरगाळली तरी उठेना.

समोरच्या दुकानातला गणपत तेली मांडी थोपटत म्हणाला, "आमचा बैल सोमवारी बसते! महादेवाचा वार, आमी जुपतच नाई. दोघं एका गोठ्यात बांधा, हप्त्याले दोन सुट्ट्या!"

हसू थांबेना. वामनरावांनी लगेच कागद पुढे केला. "पंचवीस प्रती. पाठवायची कबुली म्हणून करा सही."

"आज नाही. शब्बाथ आहे. लिहिणं नाही, व्यवहार नाही."

"काहून? गिऱ्हाईक दारात उभं हाये अन् तुमी हात बांधून बसले! मले आत्ता दर्यापूरले निघा लागते. आज नाई तं कधीच नाई!"

समोर कागद, बाजूला दौत. पण पुस्तकात ज्या शनिवारावर हसतो, तो दुकानात विकायचा? मी म्हटलं, "मग कधीच नाही."

वामनराव कागदाची घडी घालू लागले. तेवढ्यात गणपत ओरडला, "वामनराव! सोमवारी माह्याकडे तेल मागता का तुमी?"

"तू देतच नाईस तं मागू काय?"

"मंग याच्यावर काहून चिडून राहिले? कधी सुटते हो तुमचा शनिवार?"

"आकाशात तीन तारे दिसले की."

वामनरावांनी दर्यापूरसाठी बैलगाडी ठरवली होती. ती पुढं पाठवावी की नाही, यावर बराच वेळ कुरकुरले आणि शेवटी गाडीवानाला चहा पाजला. अंधारू लागलं तशी अर्धी गल्ली मान वर करून उभी.

"तो एक!"

"अबे, तो कापसाच्या जिनिंगचा दिवा हाये!"

तिसरा तारा वामनरावांनीच दाखवला. मी सही केली.

मुंबईत कागद प्रकाशकांपुढे ठेवला, सोबत नवं प्रकरणही: अकोल्याचा बैल. ते वाचून त्यांनी पेन्सिल उचलली. "हे जरा जास्तच होतंय. हा बैल खरा आहे?"

मी पेन्सिल त्यांच्या हातातून काढून टेबलावर ठेवली.

"सोमवारी अकोल्याला जा," म्हटलं. "उठवून दाखवा."