पोटाखालची लोकर

आत्या सशाच्या अंगावर फुंकर घालते तेव्हा खोलीत कुणी बोलायचं नाही. फुंकरीनं लोकर पाकळ्यांसारखी उघडते आणि मधे कातडीचा ठिपका दिसतो. ठिपका मोहरीएवढा असला तर लोकर दाट. बोराएवढा दिसला तर त्या सशाची पुढे वीण घ्यायची नाही. "माणसं अशी फुंकून पारखता आली असती तर मी लग्नच केलं नसतं," असं ती म्हणते आणि स्वतःच हसते. काका जाऊन सोळा वर्षं झाली.

बावीस वर्षं कारखान्यात कॉलरी शिवून तिची नजर अधू झाली, बोटं मात्र शाबूत राहिली. मग तिनं मागच्या खोलीत पिंजरे मांडले. सगळे पांढरे ससे पाळत होते, कारण पांढऱ्या लोकरीवर हवा तो रंग चढतो. हिनं करडे वाढवले. कुणी कारण विचारलं तर म्हणायची, "या लोकरीला स्वतःचा रंग आहे, दुसरा कशाला चढवायचा?" लोकर ती कधी कातरत नाही. ससा मांडीवर घेऊन विंचरते, सुटेल तेवढीच घेते.

परवा सकाळी लोकर उत्पादक संघाचे तपासनीस आले. संघाच्या शिक्क्याशिवाय गिरणी लोकर घेत नाही. अंगात काळा कोट, हातात कागद. पहिल्याच पिंजऱ्यातली मादी त्यांनी कोटाशी धरून उलटी केली. पोटावरची लोकर जाऊन कातडी पार उघडी पडलेली.

"बाई, खरूज आहे ही."

"खरूज नाही, साहेब."

"मला शिकवू नका. एकीला लागली की सगळ्यांना लागते. चौदाच्या चौदा मारून टाकावे लागतील." त्यांनी लिहायला सुरुवात केली. "नाहीतरी करडी जात आम्हाला नकोच होती."

आत्यानं मादी त्यांच्या हातातून काढून घेतली.

"पिंजऱ्यातल्या त्या खोक्यात हात घाला."

"कचरा आहे तो."

"घाला तर खरं. चावत नाही."

त्यांनी करड्या पिंजारलेल्या लोकरीत बोटं खुपसली आणि चटका बसल्यासारखी मागे घेतली. "हलतंय काहीतरी!"

"आठ आहेत. पहाटे झालीत. पोटाची लोकर उपटून अंथरलीय तिनं पिल्लांखाली. इतकी वर्षं ससे तपासता आणि बाळंतीण ओळखता येत नाही?"

तपासनिसांचे कान लाल झाले. लिहिलेल्या ओळीवर त्यांनी काट मारली. मग कागद घडी करता करता म्हणाले, "तरी करड्याला शिक्का मिळायचा नाही. नियम आहे."

"नका देऊ."

"मग लोकर कुठं घालाल?"

"माझ्या अंगावर घालीन. उरली तर हिच्या." तिनं हनुवटीनं माझ्याकडे दाखवलं. "कुणाच्या कागदापायी यातलं एक पिल्लू मरणार नाही. दार तिकडं आहे. आणि हळू लावा, ती झोपलीत."

ते बाहेर पडले. उन्हात दिसलं, काळ्या कोटाचा पुढचा भाग आणि दोन्ही बाह्या करड्या झाल्या होत्या. ते झटकत होते. लोकर वर उडत होती आणि पुन्हा कोटावरच येऊन बसत होती. हाक मारून ब्रश द्यावा म्हणून मी पुढे झाले.

"राहू दे गं," आत्या म्हणाली. "बिनशिक्क्याची जाऊ दे कचेरीपर्यंत."