गाडी माझी होती, मिलिंद शेजारी बसायचा

मिलिंद बाईकवर गेला नाही.

आधी हे नीट वाचा, मग कमेंट करा.

माझ्या नवऱ्याला जाऊन आज वर्ष झालं आणि सकाळपासून माझ्या वॉलवर तेच चाललंय. "शेवटपर्यंत पॅशन जपलंस, भावा." "राइड इन पीस." एकाने तर हेल्मेटचा इमोजी टाकलाय.

अरे, तो जुरोंग ईस्टच्या ऑफिसात गेला. एसीत, खुर्चीवर, भर मीटिंगमध्ये. हार्ट अटॅक. बाईक तेव्हा सेरंगूनला आमच्या बिल्डिंगखाली कव्हर घालून उभी होती.

आणि दुसरं. ती बाईक त्याची नव्हतीच.

माझी होती. आहे. चालवायचे मी, मिलिंद साइडकारमध्ये बसायचा.

ज्यांना माहीत नाही त्यांचं मी समजू शकते. पण आपल्या बाईक ग्रुपमधल्या लोकांनी आम्हाला दर रविवारी बघितलंय ना? मी हँडलवर, तो शेजारी गॉगल लावून ऐटीत, असे ढीगभर फोटो तुमच्याकडे होते. शोकसभेच्या बॅनरवर मात्र कुठल्याशा शोरूममध्ये भलत्याच बाईकवर बसलेला मिलिंद. खाली काय, तर "एक मनस्वी रायडर".

का हो? बायको चालवते आणि नवरा बाजूला बसतो, हे गेलेल्या माणसाबद्दल बरं दिसत नाही?

त्याला स्वतःला कधी लाज वाटली नाही. तुम्हाला बरी वाटली!

साइडकार का, तेही सांगून टाकते. मिलिंदला कानाचा त्रास होता, व्हर्टिगोचा. मागे बसला आणि गाडी जरा कलली की गरगरायला लागायचं. मी म्हटलं, जाऊ दे, विकून टाकते.

केवढा चिडला! "तू का विकायची? तुझी आवडती गाडी आहे. मला बसता येईल असं काहीतरी कर ना."

म्हणून साइडकार लावून घेतली. तिसरं चाक आलं, गाडी कलायची बंद झाली, त्याची चक्करही थांबली.

इथे पाऊस आला की सगळे बाईकवाले एक्स्प्रेसवेवर पुलाखाली थांबतात. तिथे आमच्याभोवती घोळका जमायचा. जुनी पाचशे सीसीची धडधडी, त्यात साइडकार. आणि हँडल माझ्या हातात असूनही प्रश्न सगळे मिलिंदला. "ब्रो, हाउ मेनी सीसी?"

तो माझ्याकडे बोट दाखवायचा. "आस्क हर. आय ओन्ली सिट."

एकदा एका मलाय अंकलनी विचारलंच, "वाइफ ड्राइव्ह, यू नॉट शाय आह?"

"शाय फॉर व्हॉट, अंकल? बेस्ट सीट!" मग मला मराठीत, "सांग ना यांना, तुला ही का आवडते ते."

मी सांगितलं. हळू जाते. गाड्यांच्या फटींतून घुसता येत नाही. पार्किंगला जागा मिळता मिळत नाही. तरी आवडते, कारण हिच्यावर मला माझा नवरा दिसतो. मागे बसलेला माणूस दिसत नाही हो. हा शेजारी असायचा. सिग्नलला अर्धा करीपफ माझ्या तोंडात कोंबायचा. आम्ही भांडायचो तेही इंजिनच्या वर आवाज चढवून, आणि बाजूचे टॅक्सीवाले हसायचे.

गेल्या आठवड्यात पुण्याहून धाकट्या दिराचा फोन. "वहिनी, दादाची गाडी आता काढून टाक. आईला गाडीवरचे ते फोटो बघवत नाहीत. आणि तू एकटी, कशाला ती जोखीम?"

"दादाची नाही, माझी आहे."

"तेच गं."

तेच नाही! अजिबात तेच नाही!

फोन ठेवला आणि लक्षात आलं, वर्षभर मी गाडीला हातही लावला नव्हता. सगळे इतक्यांदा त्याची त्याची म्हणाले की मलाही ती त्याचीच वाटायला लागली होती. याचा मला सगळ्यात जास्त संताप आला.

म्हणून आज रजा टाकली. तुआसला माझ्या कंपनीत कळवलं, येत नाही. खाली गेले, कव्हर काढलं, किका मारमारून गाडी सुरू केली आणि निघाले.

कारपार्कबाहेर पहिलंच डावं वळण, आणि साइडकारचं चाक हवेत!

साइडकार रिकामी असली की असं होतं. त्या बाजूला वजन लागतं. फिटिंगवाल्याने सांगितलेलं होतं, पण रिकामी चालवायची वेळ आमच्यावर कधी आलीच नव्हती. गाडी फुटपाथवर चढता चढता वाचली.

मी तिथेच थांबले आणि भर रस्त्यात ओरडले. "मिल्या, कुठे उलथलायस!" वजन कमी कर, भात कमी कर म्हणून मीच त्याचं डोकं खायचे. रडले, शिव्या घातल्या, एक आजी लांबून बघून गेल्या.

मग दुकानातून तांदळाची दोन पोती आणली. त्याच्या सीटवर ठेवली, त्याचा बेल्ट लावला.

पुढच्या सिग्नलला एका टॅक्सीवाल्या अंकलनी काच खाली केली. "वाह, राइस ऑल्सो वेअर सीटबेल्ट! युअर हज्बंड्स बाईक आह?"

"नो, अंकल. माय बाईक. दॅट वन माय हज्बंड्स सीट."

सिग्नल सुटला. अंकलनी हात करून मला आधी जाऊ दिलं आणि मी डावीकडे वळले. तिन्ही चाकं जमिनीवर होती.

दिराला मेसेज केलाय. गाडी विकणार नाही. सासूबाईंना मी आणि मिलिंद दोघं दिसतो तो फोटो पाठवलाय, मी हँडलवर असलेला. ग्रुपनेही आता तोच लावावा.

मिलिंद, मी चालवणार आहे रे. पण तुझ्या जागी मला तांदूळ बांधावे लागले, आणि हे मी तुला माफ करणार नाही.

नीट राहा तिकडे.