सेकंदाला अकरा क्लिक

सहा माणसं, सहा माऊस आणि मध्ये एकच पंखा असला की किस्से शोधावे लागत नाहीत. चहाच्या रिकाम्या कपांसारखे ते आपोआप साचत जातात.

आम्ही सुरतेत लिंबायतला साड्यांच्या एम्ब्रॉयडरीचं पंचिंग करतो. म्हणजे कॉम्प्युटरवर क्लिक करत डिझाइनचे ठिपके मांडायचे. कारखान्यात मशीनची सुई बरोबर त्या ठिपक्यांवर उतरते.

एकदा शेठना त्यांच्या भाच्यानं एक वेबसाइट दाखवली. चौकटीत दहा सेकंद क्लिक करायचं, मग ती सांगते सेकंदाला किती झाले. शेठ खूश! लगेच फर्मान निघालं, "शनिवारे टेस्ट! जे सौथी धीमो, एनी खुरशी गई!" म्हणजे जो सगळ्यात हळू, त्याची नोकरी गेली.

सगळ्यांनी मंगलाताईंकडे पाहिलं. बारा वर्षं घरी बसून साड्यांचे लोंबते धागे कापलेली बाई, चाळिशीत माऊस धरायला शिकली. वेग सेकंदाला तीन!

"परत ती कात्री नको रे बाबा," एवढंच त्या म्हणाल्या.

मला फार वाईट वाटलं. पण माझे स्वतःचे चारच होते, त्यामुळे जास्त वेळ वाईट वाटून घेता आलं नाही.

*

कैलास व्हिडिओ बघून नवी युक्ती शिकला. हात ताठ करायचा आणि थरथरवायचा, क्लिक आपोआप पडतात! टेबल असं हललं, की शेजारच्या विलासच्या स्क्रीनवरच्या मोराची चोच थेट पिसाऱ्यात गेली.

घरी सरावाला बसला तर बायको घाबरली. "काल तं चांगला व्हतात!" म्हणत तिनं गोधडी पांघरली आणि थंडीतापाची गोळी दिली. बिचाऱ्यानं मुकाट्यानं गिळली.

*

खिडकीजवळचा माऊस म्हातारा झाला होता. एकदा दाबला की दोनदा क्लिक! वर्षभर आम्ही त्याला शिव्या घातल्या. टेस्ट जाहीर झाली आणि विलास सकाळी लवकर येऊन त्या टेबलावर रुमाल टाकून जागा धरायला लागला. अगरबत्ती लावायचीच काय ती बाकी होती!

शुक्रवारी शेठनी नेमका तोच माऊस रिपेअर करून आणला. विलास त्या दिवशी जेवला नाही.

*

शेठनी स्वतःही करून दाखवलं. दोन!

कोणी हसलं नाही. खोकला मात्र सगळ्यांना आला.

"नेट स्लो छे," शेठ म्हणाले.

*

शनिवार उजाडला. विलासचे सहा, माझे ओढूनताणून पाच, कैलासचे अकरा! शेठनी टाळ्या वाजवल्या.

शेवटी मंगलाताई. आठवडाभर पोळपाटावर बोट आपटून सराव केलेला. देवाचं नाव घेतलं आणि सुरू झाल्या. चौकटीत एक क्लिक इथं, दुसरा जरा बाजूला, तिसरा त्याच्या खाली, अगदी जपून. आमचा जीव वरखाली!

"अरे बेन, एक ज जग्याए मारो ने!" शेठ ओरडले.

मंगलाताईंनी बोट उचललं आणि वळून त्यांच्याकडे बघितलं.

"शेठ, एकाच जागी मारलं तर सुई तुटेल ना!"

शेठ सावकाश कैलासकडे वळले.

"तें केटला मार्या?"

"अकरा, शेठ!"

"एक ज जग्याए?"

कैलासनं माऊस हळूच बाजूला सारला.

"मंगलाबेन," शेठ त्यांच्या खुर्चीकडे बोट दाखवत म्हणाले, "तमे बेसो."