बेवारस यंत्र

शिरीष गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्यावर रागावलेलीच होते. दोन वर्षांचा राग होता तो. नागावला त्याच्या घरी पोचले तर वाडीत पंप चालूच होता. बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं... पाच आठवडे झाले, मन कशातच लागत नाही.

आम्ही एकाच कंपनीत, दोघंही घरून काम करणारे. मोठ्या सर्व्हरच्या पोटात सॉफ्टवेअरने उभी केलेली शेकडो यंत्रं, आभासी पण कामं खरीखुरी करणारी, ती आम्ही सांभाळायचो. लोक यंत्र मागून घेत आणि विसरून जात. शिरीषला पसारा खपत नसे. त्याने स्क्रिप्टच, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम, लिहिली: प्रत्येक यंत्राला मालकाचं नाव आणि मुदत हवी. मुदत संपली की मेलवर इशारा, सात दिवसांनी यंत्र आपोआप पुसलं जाणार. साहेबांनाही सवलत नाही. "एकाला सूट दिली की सगळे रांग लावतात बघ," म्हणायचा.

मग माझे वडील आजारी पडले. पंधरा दिवस मी त्यांच्यासोबत हॉस्पिटलात होते, मेल उघडलेच नाहीत, आणि माझं यंत्र सहा महिन्यांच्या कामासकट गेलं. मी ओरडले, "अरे, एक फोन करता येत नव्हता?"

"मी कुठे काढलं? स्क्रिप्टने काढलं."

त्यानंतर मी त्याच्याशी कामापुरतंच बोलले. त्याने वाडीतले आंबे पाठवले, तेही परत धाडले.

गेल्या सोमवारी पुसायच्या यंत्रांची यादी आली. कंपनीने त्याचं खातं बंद केल्यामुळे त्याचं स्वतःचं यंत्र बेवारस ठरलं होतं. कुठलाही बदल तो आधी त्या यंत्रावर चालवून बघायचा, मगच दुसऱ्यांच्या. आता सात दिवस. "त्याचं काही राहिलंय का गं तिकडे?" त्याच्या बायकोने, वहिनींनी, नेमकं त्याच दिवशी फोनवर विचारलं. मी बघून सांगते म्हटलं. घरभर फेऱ्या मारल्या, चहा दोनदा गार केला.

त्याच्यामागे स्क्रिप्टच्या नियमांची फाइल माझ्याकडे आली होती. शेवटी ती उघडली. सगळ्या फाइलीत एकच अपवाद होता: माझं नवं यंत्र. शेजारी त्याची टीप, आमच्या भांडणानंतरच्या आठवड्यातली. "मालकिणीला फोन करून विचारल्याशिवाय काढू नये." पुढे माझा नंबर. दोन वर्षं ती ओळ तिथे होती आणि मी तोंड फिरवून बसले होते. मला रडू फुटलं.

त्याखाली मी त्याच्या यंत्राचं नाव लिहिलं. शेजारी तीच टीप: "मालकाला फोन करून विचारल्याशिवाय काढू नये." पुढे नंबर हवा होता. खरं तर आता माझा टाकायला हवा होता...

मी शिरीषचा टाकला.